सहासष्ट गावांच्या गोष्टी, परक्यांच्या वहीत

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात दियोगो दो कौतु हा पोर्तुगीज इतिहासकार साष्टी बेटावर हिंडत असताना कान्हेरीची लेणी पाहायला गेला. एकाच खडकात कोरलेली दालनं पाहून तो चकित झाला आणि हे काम कुणाचं असावं, असं त्याने एका म्हाताऱ्याला विचारलं. म्हाताऱ्याने बिनदिक्कत सांगितलं, की संत जोसाफातच्या बापाने हे करवून घेतलं. मुलाला जगापासून दूर, एकांतात वाढवायचं होतं म्हणून.

आता हा जोसाफात कोण? मध्ययुगीन युरोपातला एक लाडका संत. राजाचा मुलगा. हा पुढे विरक्त होईल, असं भविष्य ऐकून बाप त्याला महालात कोंडून ठेवतो, तरी एक दिवस त्याला रोग, जरा आणि मरण दिसतंच आणि तो राज्य सोडून जातो. ओळखीचं वाटतंय ना? वाटणारच. ते बुद्धाचं चरित्र आहे. ‘बोधिसत्त्व’ हा शब्द इराणात गेला, तिथून अरबीत गेला, अरबी लिपीत एका टिंबाच्या चुकीने ‘ब’चा ‘य’ झाला, मग जॉर्जियन, ग्रीक, लॅटिन अशी मजल मारत तो ‘जोसाफात’ झाला. रोमच्या संतांच्या यादीत त्याला २७ नोव्हेंबर हा दिवसही मिळाला. युरोपातल्या पंडितांनी हे नातं पुराव्यानिशी मांडलं ते एकोणिसाव्या शतकात. कौतुला मात्र तेव्हाच शंका आली होती, की इथले लोक ज्याला बुद्ध म्हणतात तोच हा असावा.

साष्टीच्या लोककथेबद्दल लिहायला बसलं की मला सुरुवात इथूनच करावीशी वाटते. ज्या डोंगरात बौद्ध भिक्षू सुमारे हजार वर्षं राहिले, तिथून बुद्धाचं नाव पुसलं गेलं. आणि त्याचीच गोष्ट अर्धं जग फिरून, गळ्यात क्रूस घालून, त्याच डोंगराच्या पायथ्याशी परत आली. म्हाताऱ्याने ती पाद्रीबाबाच्या प्रवचनात ऐकली होती, की आजोबाकडून एका राजाच्या पोराची गोष्ट त्याच्यापर्यंत आलेली होती आणि पाद्र्याने तिला फक्त नाव दिलं? दोन्ही शक्य आहे. या बेटावरच्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीपाशी हाच पेच पडतो. आणि आणखी एक. म्हाताऱ्याचं नाव कौतुने दिलेलं नाही. तो कोणत्या भाषेत बोलला, कोणते शब्द वापरले, तेही नाही. आपल्या हाती आहे ते पोर्तुगीज वाक्य.

साष्टी म्हटल्यावर आज अंधेरीच्या प्लॅटफॉर्मवर कुणाची मान वळणार नाही. आपण बेटावर राहतो, हेच उपनगरवासीयाला माहीत नसतं. उत्तरेला वसईची खाडी, पूर्वेला ठाण्याची, दक्षिणेला माहीमची, पश्चिमेला समुद्र. मधल्या भूभागात वांद्रे, अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, ठाणे शहर आणि मीरा-भाईंदर. सहासष्ट गावं म्हणून षट्षष्टी, तिची साष्टी, आणि फिरंग्यांच्या जिभेवर साल्सेट. (गोव्यातही एक साष्टी आहे, तिचं नावही याच हिशेबाने आलं असं सांगतात. फादर थॉमस स्टीफन्सचं क्रिस्तपुराण तिथलं, इथलं नव्हे. ही गल्लत छापील पुस्तकांतही होते.) माहीमचा पूल १८४५ मध्ये झाला, १८५३ मध्ये रेल्वे बेट चिरत ठाण्याला गेली, १९२० मध्ये ठाणे जिल्ह्यातून काढून मुंबई उपनगर जिल्हा केला गेला. बेटपण गेलं. मी बोरिवलीत वाढलो. ‘साष्टी’ हा शब्द पहिल्यांदा भेटला तो शाळेतल्या इतिहासात, चिमाजी अप्पांच्या मोहिमेच्या धड्यात. ती जागा म्हणजे आपल्या पायाखालची जमीन, हे गुरुजींनी सांगितलं नाही. त्यांनाही ते सुचलं नसावं.

म्हणून या बेटाच्या वाङ्मयाचा आढावा घेणं म्हणजे आधी त्याला बेट म्हणून पुन्हा पाण्यातून वर काढणं आहे.

सर्वांत जुनी अक्षरं दगडावर आहेत. कान्हेरीत शंभराच्या आसपास शिलालेख आहेत आणि बहुतेक दानाचे आहेत: कल्याणचा व्यापारी, सोपाऱ्याचा कुणी, कुणी भिक्षुणी, कुणी लेणं दिलं, कुणी पाण्याची पोढी, कुणी शेत. याला साहित्य म्हणावं का? गोष्ट सांगणारं म्हणून नाही, पण नावांचं म्हणून नक्की. दोन हजार वर्षांपूर्वीच्या साध्या माणसांची नावं अशी सलग दुसरीकडे कुठे सापडणार? याच भिंतींवर १००९ आणि १०२१ साली आलेल्या पारशी मंडळींनी पहलवी लिपीत आपली नावं कोरली. कान्हेरीच्या सहलीला जाऊन भिंतीवर नाव लिहिणाऱ्या पोरांना गार्ड दम देतात तेव्हा मला ते पारशी आठवतात. हजार वर्षं टिकलं की तेच नाव पुरातत्त्व होतं.

मराठीपुरतं बोलायचं तर बेटाशी जोडलेला मोलाचा पुरावा परळला मिळाला: शिलाहार राजा अपरादित्याचा शके ११०८ चा लेख. षट्षष्टीतल्या एका वाडीच्या उत्पन्नाचं दान त्यात नोंदलं आहे. सगळा लेख संस्कृतात. आणि शेवटी, हे दान मोडणाऱ्याला द्यायचा शाप मात्र मराठीत. तो शाप इथे छापण्यासारखा नाही. गाढव आणि आई या दोन शब्दांवर वाचकांनी समजून घ्यावं. राजाच्या कारकुनाला ठाऊक होतं, की देवाला संस्कृत कळतं, पण शेतकऱ्याला धाक बसवायचा तर त्याच्या भाषेत शिवी द्यावी लागते. साष्टीच्या मराठी वाङ्मयाची सुरुवात शिवीने झाली, यात मला काही कमीपणा वाटत नाही. लोकवाङ्मयच आहे ते, फक्त दगडावर.

बोरिवलीच्या एक्सरला वीरगळ आहेत. त्यांच्यावर अक्षर नाही, पण गोष्ट आहे, तीही खालून वर वाचायची: तळाच्या पट्टीत वल्ह्यांच्या रांगा आणि गलबतं, मग झुंज, मग पडलेला वीर, सगळ्यात वर कैलास. शिलाहार आणि यादवांची तेराव्या शतकातली आरमारी लढाई त्यात आहे, असं काही अभ्यासक मानतात. काही त्याआधीचा काळ सांगतात. गावाने हा वाद घातला नाही, शेंदूर लावला. कोण कुणाशी लढलं, हे विसरून गेल्यावरही दगड उभा राहतो तो असा.

मग बखर. महिकावतीची बखर वि. का. राजवाड्यांनी १९२४ मध्ये छापली. सहा प्रकरणं, वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या हातांनी लिहिलेली. जुना भाग केशवाचार्याचा, शके १३७० चा. उत्तर कोकणच्या इतिहासासाठी सगळे तिच्याकडे जातात आणि इतिहास म्हणून ती सगळ्यांना दगा देते. शके १०६० मध्ये राजा प्रतापबिंब इथे आला म्हणावं, तर दुसरी परंपरा देवगिरी पडल्यावरचा बिंबदेव पुढे करते. बिंबाबरोबर आलेली कुळंही मोजून सहासष्ट. गावं सहासष्ट आणि कुळंही सहासष्ट! इथे इतिहासकार कपाळाला हात लावतो आणि लोककथेचा वाचक सरसावून बसतो, कारण हा आकडा जनगणनेचा नाही, जमिनीवरच्या हक्काचा आहे. आम्ही मुळातच इथले, पहिल्या खेपेला आलेले, हे सांगण्याची ती रीत आहे.

बखरीतला मला आवडणारा भाग मालाडचा आहे. राजे बदललेत, रीतभात मोडलीय, कोण कोणत्या कुळाचा हे कुणाला आठवत नाही; अशा वेळी देवी स्वप्नात येऊन मालाडचा देसला नायकोराव याला आणि केशवाचार्याला सांगते, की लोक जमवा आणि वंश, गोत्रं, चालीरीती लिहून ठेवा. ‘महाराष्ट्र धर्म’ हा शब्द इथे येतो, शिवाजी महाराजांच्या जन्माआधी पावणेदोनशे वर्षांहून अधिक. त्या शब्दावर भरपूर लिहिलं गेलं आहे. मला अप्रूप आहे ते वेगळ्याचं. पंधराव्या शतकात मालाडच्या देसल्याला वाटलं, की आपल्याकडच्या गोष्टी विसरल्या जात आहेत आणि त्या जमवून लिहायला हव्यात. साष्टीवरच्या माणसाने साष्टीच्या आठवणी स्वतःच्या भाषेत जमवल्याचं हे मला माहीत असलेलं पहिलं उदाहरण. त्यानंतर हे काम बराच काळ बाहेरच्यांच्या हाती गेलं.

बाहेरच्यांनी ते वाईट केलं, असं मात्र नाही. फ्रान्सिस्कन पाद्री आंतोनियो दो पोर्तु याने मंडपेश्वरचं शैव लेणं ताब्यात घेऊन तिथे चर्च आणि मठ उभारला, कान्हेरीतही क्रूस लावला. आणि कौतु सांगतो, की हाच पाद्री कान्हेरीच्या पोटातलं भुयार शोधायला वीसेक माणसं, दिवे आणि अन्नपाणी घेऊन आत शिरला आणि सात दिवस भटकून रिकाम्या हाताने बाहेर आला. भुयार थेट खंबायतपर्यंत जातं, अशी लोकांत वदंता होती. महाराष्ट्रात ज्या टेकडीला भुयाराची दंतकथा नाही ती टेकडीच नव्हे, हे आपल्याला ठाऊक आहे; आजही उपनगरातल्या कुठल्याही लेण्यापाशी कुणीतरी तुम्हाला बंद केलेलं तोंड दाखवतो आणि पांडवांचं नाव घेतो. पण दंतकथा खरी मानून सात दिवस खर्चणारा संशोधक दुसरा नसेल. ज्या धर्माची देवळं त्याने मोडली, त्याच लोकांच्या गोष्टीवर त्याचा इतका विश्वास!

पाद्र्यांना प्रवचनासाठी भाषा लागली, म्हणून सतराव्या शतकात इथल्या बोलीचं व्याकरण लिहिलं गेलं. ते १८५८ मध्ये गोव्यात कुन्हा रिवारा यांनी ‘उत्तरेकडच्या बोलीतल्या कोंकणीचं व्याकरण’ म्हणून छापलं. कोंकणी म्हणायचं की मराठी, हा वाद त्या नावापासूनच सुरू होतो. मी त्यात शिरत नाही. गोराईच्या आजीला विचारलं तर ती ‘आमची भास’ म्हणते आणि विषय संपतो. फ्रान्सिस्को वाझ दि गिमारांयश याचं, ख्रिस्ताच्या दुःखभोगाची कथा सांगणारं पुराण १६५९ मध्ये लिस्बनला छापलं गेलं आणि मुंबई-वसईच्या ख्रिस्ती घरांत ते पिढ्यान् पिढ्या म्हटलं गेलं. आपल्या वाङ्मयेतिहासात स्टीफन्सला मानाचं पान आहे, वाझला तळटीप. स्टीफन्स मोठा कवी होता, हे कबूल. पण ज्या पुराणावर साष्टीच्या बायकांचा कंठ तयार झाला, त्याची चांगली देवनागरी आवृत्ती मराठी वाचकाच्या कपाटात असू नये, हे मला खटकतं.

आणि आता जॉर्ज फ्रान्सिस डिपेन्हा.

हे नाव मराठी लोकसाहित्याच्या अभ्यासक्रमात क्वचितच ऐकू येतं. साष्टीतला हा ख्रिस्ती गृहस्थ १८८० च्या दशकाच्या अखेरीपासून ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात ‘साल्सेटमधल्या लोककथा’ या मथळ्याखाली एकामागून एक गोष्टी छापू लागला आणि पुढच्या दशकातही छापत राहिला. पुढे लग्नाच्या चाली आणि लोकसमजुती यांवरही त्याने लिहिलं. संपादक होता रिचर्ड टेंपल, जो पंजाबातल्या दंतकथा गोळा करण्यात बुडालेला होता. त्याला असा माणूस म्हणजे घबाड. टेंपलच्या वर्तुळात गोष्टी जमवणारे बहुतेक गोरे अधिकारी, त्यांच्या बायका आणि मिशनरी. ते आयांना आणि मुन्शांना विचारत. डिपेन्हाने जमवलं ते स्वतःच्याच समाजातून, आणि हा फरक मोठा आहे. त्याच्या गोष्टींत राजे, राण्या, पोपट आणि राक्षस आहेतच, पण त्यांच्या पायाखाली भातशेतीचा चिखल आहे.

त्यातली ‘बापखादी’ घ्या. ही आपल्याकडची सिंड्रेला. इथे सावत्र आई नाही. भीक मागून जगणाऱ्या फकिराच्या अंगठ्याला फोड येतो आणि त्या फोडातून मुलगी जन्मते. पुढे बहिणी, छळ, आणि हरवलेला जोडा. तो जोडा ज्या दिवशी हरवतो त्या दिवशी मंडळी कुठे गेलेली असतात? देवळात. म्हणजे चर्चमध्ये, रविवारच्या मिस्साला. मारियन कॉक्स या इंग्रज विदुषीने १८९३ मध्ये सिंड्रेलाची ३४५ रूपं एका ग्रंथात मांडली, तो काळ अशा गोष्टींच्या वंशावळी काढण्याचा होता. जोडा युरोपातून पोर्तुगीजांच्या गलबतातून आला, असं चर्चकडे बोट दाखवून म्हणता येतं. पण माणसाच्या अवयवातून, भोपळ्यातून, बेलफळातून मुलगी निघणं हे तर आपल्या आज्यांच्या गोष्टींतलं नेहमीचं काम. शिवाय ‘बापखादी’ हे नाव ऐकून बघा; पांढऱ्या पायाची, आल्याआल्या घर खाणारी म्हणून मुलीला हिणवण्याची जी आपली खास रीत आहे, ती त्या एका शब्दात आहे. त्या नावाला लिस्बनमध्ये कुणी जन्म देऊ शकलं नसतं. जोडा परदेशी आणि शिवी घरची, असा माझा निवाडा. जोसाफातच्या म्हाताऱ्याशी आपण पुन्हा येऊन पोचलो: गोष्ट आलेली आणि राहिलेली, दोन्ही एकाच वेळी.

डिपेन्हाचं एक मात्र मला सलतं. गोष्टी इंग्रजीत आहेत. अधूनमधून मूळ शब्द येतात, ‘बापखादी’सारखे, आणि दगडी भिंतीत झरोका उघडावा तसा सगळा आवाज क्षणभर ऐकू येतो, मग पुन्हा राजा-राणी इंग्रजी बोलू लागतात. दोष त्याला देता येत नाही. काळ पाहा. २६ मे १८८७ रोजी ‘बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन’ स्थापन झाली. व्हिक्टोरिया राणीच्या राज्याचं ते सुवर्णमहोत्सवी वर्ष. गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे, ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलाखालचे जुने रहिवासी, हे सरकारदरबारी ठसवायला साष्टी-मुंबई-वसईच्या ख्रिस्ती समाजाने स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या, मराठी बोलणाऱ्या लोकांनी! ज्या काळात समाजाने नाव इंग्रजीत घेतलं, त्याच काळात त्याच्या गोष्टीही इंग्रजीत गेल्या. नोकऱ्या त्या भाषेत होत्या; मान होता तोही त्याच भाषेत. घरात, विहिरीवर आणि लग्नात मराठी उरली.

पुढच्या पिढीतलं मोठं संकलन आर. ई. एन्थोवेनने १९१५ मध्ये छापलेलं कोकणच्या लोकसमजुतींचं. त्यामागचा माणूस ए. एम. टी. जॅक्सन. होय, नाशिकचा तोच कलेक्टर, ज्याला २१ डिसेंबर १९०९ रोजी अनंत कान्हेरे यांनी विजयानंद नाट्यगृहात गोळी घातली. जॅक्सनने गावोगावच्या शाळामास्तरांकडून प्रश्नावलीची उत्तरं मागवली होती आणि ती एन्थोवेनने त्याच्या मृत्यूनंतर लावली. देशाच्या स्मृतीत हा माणूस एका बाजूला उभा आहे आणि लोकसाहित्याच्या कपाटात दुसऱ्या; दोन्ही खरं आहे. पुस्तक म्हणून ते रूक्ष आहे. गिऱ्हा, खवीस, झोटिंग, मुंजा, हडळ यांची हजेरी घेतलेली, मास्तरांनी भरलेल्या तक्त्यासारखी. भीती नाही. भूत असूनही जिथे भीती नाही तिथे सांगणारा हरवलेला असतो. विजया पुणेकर यांचा मुंबईच्या सोनकोळ्यांवरचा १९५९ चा ग्रंथ समाजशास्त्राचा असूनही त्याहून जिवंत आहे, कारण त्या कोळीवाड्यात जाऊन बसल्या.

आता खऱ्या छोट्या बेटांकडे. साष्टीच्या पश्चिमेला मनोरीच्या खाडीपलीकडे धारावी बेट आहे (झोपडपट्टीची धारावी वेगळी): मनोरी, गोराई, डोंगरी, उत्तन. चिमाजी अप्पांच्या फौजांनी १७३९ मध्ये वसईआधी इथला किल्ला घेतला. त्याच्या दक्षिणेला मढ, एरंगळ. वर्सोव्याहून मढला, मार्व्याहून मनोरीला आणि बोरिवलीहून गोराईला आजही होडीने जाता येतं, आणि माझ्या मते उपनगरातली लोककथा ऐकायची तर पाणी ओलांडूनच जावं. पूल नाही तिथे बोली टिकते. हे शास्त्र नाही, निरीक्षण आहे.

इथली जिवंत कथा म्हणजे मूर्ती आणि समुद्र. वांद्र्याच्या मोत माउलीची कथा सगळ्यांना माहीत आहे: कोळ्याला स्वप्न पडलं, समुद्रात मूर्ती आहे म्हणून, जाळं टाकलं आणि ती मिळाली. सप्टेंबरातल्या जत्रेत मेणाचे हात, पाय, बाळ, घर वाहायला येणाऱ्यांत ख्रिस्ती किती आणि बाकीचे किती, हे मोजायला जाऊ नये. स्वप्न, पाणी आणि जाळं हे तीन सांधे कोकण किनाऱ्यावरच्या कितीतरी ग्रामदेवतांच्या कथांत जसेच्या तसे आहेत. कोळी मूर्तीला ‘माउली’ म्हणतो तेव्हा गोष्टीचं गोत्र ठरून जातं. कार्ल्याच्या एकवीरेला चैत्रात जाणारा कोळी आणि मोत माउलीला सप्टेंबरात जाणारा कोळी हे पुष्कळदा एकाच घरातले असतात. गंमत म्हणजे एकवीराही बौद्ध लेण्याच्या दारात बसलेली आहे. साष्टीच्या माणसाची देवी आणि लेणी यांची सोयरीक फार जुनी.

गाण्यांचं काय? ईस्ट इंडियन लग्नात आदल्या संध्याकाळी बँड लावून ‘उंबराचं पाणी’ आणायला विहिरीवर जातात आणि बायका गाणी म्हणतात. नवरीच्या आईला, व्याह्याला, दारूला, कोंबड्याला, कुणालाच त्या सोडत नाहीत. ही गाणी म्हणजे साष्टीच्या बोलीचा आज ऐकू येणारा सर्वांत मोठा ठेवा आहे. गावठाणातल्या विहिरी महापालिकेने बुजवल्या किंवा झाकल्या. आता कुठे कुठे उंबराची फांदी बांधलेल्या टाकीपर्यंत मिरवणूक जाते. पाणी नळाचं, गाणं विहिरीचं. मनोरीत या समाजाने स्वतःचं छोटं संग्रहालय उभारलं आहे. तिथे लुगडी, पाटे, भांडी पाहायला मिळतात. वस्तू जपणं त्या मानाने सोपं असतं, गाण्याला कुणीतरी गावं लागतं.

कोळीगीतांचा प्रवास उलटा झाला. शांताबाई शेळक्यांच्या कोळीगीतांनी, लता मंगेशकरांच्या आवाजाने ‘डोलकर’ हा शब्द विदर्भातल्या घरांतही नेला. डोल नावाच्या जाळ्यावरून तो आला, हे फार थोड्यांना माहीत असेल. पुढे ‘वेसावकर आणि मंडळी’च्या कॅसेटांनी वेसाव्याचा बाज लग्नाच्या मांडवात आणला. पहिलं काव्य म्हणून श्रेष्ठ, दुसरं आवाज म्हणून अस्सल. पण दोन्हींमुळे एक घोटाळा झालाच: कोळी म्हणजे नाच, रुमाल आणि पारू. भांगाचं पाणी, उधाण, वारा कुठून वळला की कोणता मासा, चुलत्याचं गलबत कुठल्या खडकावर फुटलं, ही जी समुद्राची तोंडी पोथी आहे ती मांडवात वाजत नाही. ती वर्सोव्याच्या बंदरावर बर्फ भरताना, शिव्यांच्या मधे, ऐकू येते.

डोंगराच्या बाजूची कथा तर आणखी दुर्लक्षित. आरे आणि राष्ट्रीय उद्यानातल्या पाड्यांवर वारली आहेत, वाघोबाची ठाणी आहेत, वाघबारस पाळली जाते. बिबट्याच्या बातम्या वाढल्यापासून वन्यजीव अभ्यासक वाघोबाबद्दल आवर्जून लिहू लागले, हे चांगलंच. पण डहाणू-जव्हारच्या वारल्यांची गाणी आणि चित्रं जगभर गेली असताना गोरेगावपासून रिक्षाने वीस मिनिटांवर असलेल्या पाड्यावरची गोष्ट मराठी पुस्तकात आणावी असं विद्यापीठांना वाटू नये, याचं कारण अंतर नाही, जवळीक आहे. आदिवासी लांबचा असावा, अशी आपली अपेक्षा असते. लोकलमध्ये शेजारी बसणाऱ्या बाईकडे भाजीची टोपली असते. गोष्टही असेल, हे डोक्यात येत नाही.

छापील मराठी साहित्यात उपनगर आलं ते चाळीतून ब्लॉकमध्ये गेलेल्या माणसाबरोबर, आणि खाडी आली ती मधु मंगेश कर्णिकांच्या ‘माहीमची खाडी’त, झोपडपट्टीसह. दोन्ही बाहेरून येऊन वसलेल्यांच्या कहाण्या. त्या मोलाच्या आहेत. मीही त्यांच्यातलाच. पण बेटाच्या मूळ गावठाणाला मराठी कथा-कादंबरीत स्वतःच्या बोलीत बोलताना मी क्वचितच ऐकलं आहे. वसईने ते करून दाखवलं. तिथे ख्रिस्ती लेखकांची मराठी परंपरा उभी राहिली. खाडीच्या अलीकडे शाळा इंग्रजी झाल्या आणि लिहिणारे हातही तिकडे गेले. म्हणून करायचं काम मला अगदी साधं दिसतं, कुणी तरुण संशोधक ऐकत असेल तर: डिपेन्हाच्या गोष्टी घेऊन मनोरी-गोराईच्या म्हाताऱ्यांकडे जा आणि त्या त्यांच्याकडून परत सांगवून घ्या. इंग्रजीतून प्रमाण मराठीत भाषांतर नको. ज्या तोंडांतून त्या गेल्या, त्याच तोंडी त्या बसतात का, ते बघा. काही बसतील. काहींना म्हातारी म्हणेल, हे असं नाय, आणि मग जी सांगेल ती लिहून घ्या.

गोराईला २००९ मध्ये विपश्यना पॅगोडा उघडला. आत खांब नसलेला प्रचंड घुमट, शेजारी बुद्धाचं चरित्र चित्रांतून मांडलेलं दालन. रविवारी बोरिवलीच्या बाजूने होड्या भरभरून जातात. मागच्या हिवाळ्यात माझ्या पुढ्यात बसलेल्या लहान मुलाने होडीवाल्याला विचारलं, तिकडे काय आहे? होडीवाल्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात क्रूस होता. दोर गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, “राजाचे पोराची गोष्ट हाय, चित्रात.” मग माझ्याकडे वळून, परतीचं तिकीट फेकू नका म्हणाला.